वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षा आणि स्वयंअध्ययन

भारतात विमान कंपनीत सहवैमानिक व्हायचे तर व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, हाती असावा लागतो. कॅप्टन होण्यासाठी त्यापुढचा एटीपीएल लागतो. सीपीएलसाठी किमान वय 18 वर्षे आणि उड्डाणाचे 200 तास, तर एटीपीएलसाठी 21 वर्षे आणि 1,500 तास अशी अट आहे. उड्डाण शिकायला बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त संस्थेत जावेच लागते. लेखी परीक्षेला मात्र क्लासची सक्ती नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षेला घरी अभ्यास करूनही बसता येते. युरोपात ही मोकळीक नाही. तिथे एटीपीएलच्या 13 विषयांसाठी मान्यताप्राप्त संस्थेत नाव घालावे लागते आणि संस्थेने शिफारस केल्याशिवाय परीक्षा देता येत नाही.

अभ्यासाला हात घालण्याआधी दोन कामे उरकून घेणे शहाणपणाचे असते. पहिले वैद्यकीय तपासणीचे. सीपीएलला प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. डोळ्यांतला किंवा हृदयातला एखादा दोष वर्षभराच्या अभ्यासानंतर कळण्यापेक्षा आधीच कळलेला बरा. दुसरे काम डीजीसीएकडून ‘कॉम्प्युटर नंबर’ मिळवण्याचे. हा उमेदवाराचा कायमचा परीक्षा क्रमांक असतो. त्यासाठी दहावी-बारावीची कागदपत्रे पडताळली जातात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल, तर अनेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढे दोन विषय देतात.

मुख्य विषय एअर नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल हे आहेत. प्रश्न बहुपर्यायी व इंग्रजीत असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात. टेक्निकलचे दोन भाग आहेत. ‘जनरल’मध्ये वायुगतिकी, इंजिन आणि उपकरणे येतात, ‘स्पेसिफिक’ त्या-त्या विमानावर असतो. उड्डाणाची संस्था आणि तिथले विमान ठरेपर्यंत हा दुसरा भाग मागे ठेवणेच सोयीचे.

पुस्तकांची वानवा नाही. हवामानशास्त्रासाठी आय. सी. जोशी आणि रेग्युलेशनसाठी आर. के. बाली यांची पुस्तके वर्षानुवर्षे वापरात आहेत. नॅव्हिगेशनसाठी ऑक्सफर्डची जाडजूड मालिका चालते. घरी शिकणाऱ्याचा घोळ होतो तो प्रश्नसंचांमुळे. शेकडो प्रश्न उत्तरांसकट पाठ होतात, पण आकडे बदलले की गाडी अडते.

‘डेन्सिटी अल्टिट्यूड’चेच उदाहरण घेता येईल. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमान धरतात आणि दर 1,000 फुटांमागे सुमारे 2 अंश वजा करतात. त्या हिशेबाने नागपूरला 13 अंश असायला हवेत. मे महिन्यातल्या दुपारी पारा 45 वर गेला, तर फरक 32 अंशांचा पडतो. दर अंशाला ढोबळमानाने 120 फूट धरले की 3,840 फूट होतात. हवेचा दाब प्रमाणाइतकाच मानून त्यात मूळचे 1,000 मिळवले की उत्तर येते 4,840 फूट. विमान जमिनीवरच असते, पण पंखांना, प्रोपेलरला आणि इंजिनाला मिळणारी हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. म्हणून धावपट्टी जास्त लागते आणि चढ मंदावतो. या एका गणितात हवामानशास्त्र, वायुगतिकी आणि इंजिन असे सारे एकत्र येते. तापलेली हवा विरळ का होते आणि विरळ हवेत पंखांची उचल कमी का पडते, हे ज्याला उमगले, त्याला आकडे कोणतेही दिले तरी चालतात.

रेग्युलेशनचा कस वेगळा आहे. तिथे तर्कापेक्षा पाठांतर जास्त आणि नियम सतत बदलणारे. 1934च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 याने घेतली आहे. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने प्रत्येक प्रकरण डीजीसीएच्या संकेतस्थळावरील नियमांशी ताडून पाहावे. हा विषय परीक्षेच्या तोंडावर करावा, म्हणजे ताजा राहतो.

एकट्याने जमत नाही ती रेडिओ टेलिफोनीची परीक्षा, आरटीआर. दूरसंचार विभागाकडे असलेली ही परीक्षा नव्या कायद्याने डीजीसीएच्या अखत्यारीत आली. तिच्यात उमेदवार वैमानिकाच्या भूमिकेत असतो आणि नियंत्रण कक्षाशी संभाषण चालते. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’ म्हणणे, मिळालेली सूचना जशीच्या तशी परत उच्चारणे, जीवघेण्या संकटात ‘मेडे’ तीनदा पुकारणे, हे सारे जिभेवर बसावे लागते. मनातल्या मनात वाचून ते बसत नाही. समोर नियंत्रक होऊन बोलणारे कोणी तरी हवेच, मग तो बरोबरीचा उमेदवार का असेना.

लेखी परीक्षा सुटल्या की उरतात उड्डाणाचे तास आणि कौशल्य चाचणी. त्यानंतर नोकरीसाठी गेल्यावर विमान कंपन्याही याच विषयांवर स्वतःची परीक्षा घेतात, आणि परवान्यापुरते घोकलेले तोवर टिकलेले नसते.