विमानतळावर कॉफी एवढी महाग का असते? तिथं एमआरपीचा नियम लागतो का?

कोलाडच्या नाक्यावर जेवढ्या पैशात चौघांचा चहा-वडापाव होतो, तेवढ्यात विमानतळावर बऱ्याचदा एक कॉफीही येत नाही. ही तक्रार जुनीच. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि रायगडकरांसाठी विषय जवळचा झाला. नागोठणे, वडखळ, पेण करत पनवेल गाठायचं. गोवा हायवेचा भरवसा नाही म्हणून माणूस लवकर निघतो, लवकर पोहोचतो. मग सिक्युरिटी झाल्यावर भूक लागते आणि मेन्यूकार्ड बघून ती मरते.

एवढे दर येतात कुठून?

विमानतळाची कमाई दोन प्रकारची असते. पहिली विमानांशी संबंधित: लँडिंग, पार्किंग, प्रवाशांकडून घेतली जाणारी यूडीएफ. मोठ्या विमानतळांवर हे दर 'एरा' ही नियामक संस्था ठरवते. दुसरी कमाई दुकानं, खाणं, जाहिरातींची. तिथले दर एरा ठरवत नाही.

स्टॉलवाला जागेसाठी मोठी रक्कम मोजतो, अनेकदा विक्रीतला वाटाही देतो. माल आणि कामगार तपासणीतून आत न्यावे लागतात. शेवटी हा सगळा खर्च कपाच्या किमतीत येतो. शिवाय आत गेलेला प्रवासी चहासाठी बाहेर येऊ शकत नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

यात आणखी एक गंमत आहे. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार या दुसऱ्या कमाईतला ३० टक्के भाग विमानांशी संबंधित शुल्क कमी ठेवण्यासाठी धरला जातो. म्हणजे महाग कॉफी पिणारा प्रवासी थोडाफार भार बाकीच्यांचाही उचलतो.

मग एमआरपीचं काय?

इथं तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

- ताजी कॉफी, समोसा, सँडविच: हे पॅकबंद नाही, त्यामुळे एमआरपीच नाही. दर विकणारा ठरवतो.
- दुकानातलं बिस्कीट किंवा पाण्याची बाटली: छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. १ जानेवारी २०१८ पासून अगदी सारख्याच पाकिटावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायलाही बंदी आहे.
- रेस्टॉरंटमध्ये बसून मागवलेली बाटली: डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट ही नुसती विक्री नसून सेवा आहे, त्यामुळे तिथं जास्त दर लावता येतो.

दुकानात जास्त पैसे घेतले तर बिल मागा, बाटलीचा फोटो काढा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

स्वस्त पर्याय आहेत का?

डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेतही या दरांवर बोललं गेलं. त्याच महिन्यात कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. तिथं चहा १० रुपये, पाणी १० रुपये, कॉफी २० आणि समोसा २० रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतही असा कॅफे आला. तुमच्या टर्मिनलवर असा कॅफे आहे का, हे आधी विचारून घ्या.

घरचा डबा चालतो का?

चालतो. पोळी-भाजी, थालीपीठ, चिवडा, लाडू असे कोरडे पदार्थ हातातल्या बॅगेतून नेता येतात. रिकामी बाटली न्या, आत पिण्याचं पाणी फुकट मिळतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मात्र चटणी, लोणचं, दही हे 'द्रव' धरले जातात आणि त्यांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. आणि कोकणातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवायचं ते सुक्या खोबऱ्याचं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. पिशवीत असेल तर घरीच काढून ठेवा.

विमान लेट झालं तर?

तेव्हा खिशात हात घालायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर जा. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. उड्डाण त्याहून लांबचं असेल तर ही मर्यादा ३ किंवा ४ तासांची होते. अनेकदा ते न मागता मिळत नाही, म्हणून मागा.

आणि कॉफीच्या रांगेत उभं राहण्याआधी बोर्डिंग पासवरची गेट बंद होण्याची वेळ बघा. कप कितीही महाग असला, तरी चुकलेल्या विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्तच असतो.