कवटीआडची वीज

सौंसर तालुक्यात जामसावळीला पहुडलेला हनुमान आहे. मिरगीचे, भ्रमाचे, ‘बाहेरच्या’ बाधेचे रोगी घेऊन लोक तिथे मुक्कामाला येतात. याच भागातली माणसं ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, काढायला नागपूरही गाठतात; पांढुर्ण्याहून रेल्वेने, सौंसरहून रस्त्याने. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात एकच निष्कर्ष निघतो: मशीनमध्ये काही निघालं नाही, म्हणजे बाहेरचंच आहे.

ज्या यंत्राच्या जिवावर एवढा मोठा निकाल लागतो, त्याची पोच मात्र बेताचीच. तपासणी होते ती अशी: आदल्या रात्री जागरण करायचं, केस धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. तंत्रज्ञ टेपने डोकं मोजतो, पेन्सिलीने खुणा करतो, त्या जागा घासून पेस्टने वीसेक तारा चिकटवतो. मग जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतो. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली. तत्त्व आजही तेच आहे.

टाळूवर पोचते ती वीज जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. कवटी विजेची वाईट वाहक, त्यामुळे वाटेतच सगळं पसरून पुसट होतं. मेंदूच्या पृष्ठभागावरचा सहा ते दहा चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटला, तरच कागदावर टोक उमटतं. कित्येक झटक्यांचं मूळ असलेला मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, तर खोल आत दडलेला. पांढुर्ण्यात गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी जाम नदीच्या काठावर गलका ऐकू येतो, पण कोण ओरडतंय ते कळत नाही, तसंच हे. म्हणून शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या कवटीला भोकं पाडून आत तारा सोडाव्या लागतात.

हे टाळायची एक युक्ती जुन्याच निरीक्षणातून निघाली आहे. फॉक्स, हर्झफेल्ड आणि रॉक यांनी 1946 मध्ये मिठाच्या पाण्यातून अल्ट्रासाऊंड सोडला, तेव्हा दाबाबरोबर पाण्याची वीजवहनाची क्षमता किंचित बदलली. मेंदूतल्या एकाच ठिपक्यावर अशा लहरी एकवटल्या, तर तिथला विजेचा प्रवाह लहरींच्या तालावर थरथरतो आणि टाळूवरची तार नेमका तोच ताल वेगळा काढते. ठिपका सरकवत गेलं की आतला नकाशा तयार होतो. पाच लाख हर्ट्झला मेंदूत लहरीची लांबी साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे नेमही बारीक.

अडचण आहे ती आकड्यांची. एक मेगापास्कल दाबाने वहनात फरक पडतो हजारात एक भाग, म्हणजे मुळातल्या पुसट विजेचाही हजारावा हिस्सा शोधायचा. शिवाय कवटी ध्वनीलाही अडवते आणि वाकवते. ॲरिझोना विद्यापीठात रसेल विट यांच्या गटाने मेंदूत बसवतात त्या स्टिम्युलेटरचा प्रवाह कवटीआडून पकडून दाखवला. पण तो प्रवाह बाहेरून दिलेला होता, मेंदूचा स्वतःचा नव्हता. ‘इसेन्शियल ट्रेमर’ या हात थरथरण्याच्या आजारावरच्या उपचारात मात्र 1024 स्फटिकांचं शिरस्त्राण ध्वनी एकवटून मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधला ठिपका जाळतं आणि 2016 पासून अमेरिकेत त्याला मान्यता आहे. जाळणं जमलं, ऐकणं अजून प्रयोगशाळेतच आहे. माझ्या मते ते दवाखान्यात यायला बराच अवकाश आहे.

तोवर पांढुर्णा-सौंसरच्या घरांनी एवढं करावं. मिरगीच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, त्यामुळे त्या कागदावरून गोळ्या बंद करू नका. झटका आला की कांदा-चप्पल हुंगवण्यापेक्षा रुग्णाला कुशीवर वळवा, कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि तो डॉक्टरांना दाखवा. जामसावळीला जरूर जा, गोळ्या मात्र सोबत ठेवा.