ब्रेकचे अस्तर

चेन्नईचा पाऊस आपल्या पावसाहून निराळ्या वेळी येतो. महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी वारे परतले, की तेथे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम सुरू होतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात शहरातला वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस पडतो. शहर सपाट असल्याने साचलेले पाणी लवकर ओसरत नाही. त्या पाण्यातून स्कूटर बाहेर काढून चालक ब्रेक दाबतो, आणि ब्रेक जवळजवळ लागतच नाही. असे का होते, हे समजण्यासाठी चाकाच्या आत डोकावले पाहिजे.

चाकाच्या मध्यभागी पसरट डब्यासारखा धातूचा ड्रम असतो व तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू स्थिर बसवलेले असतात. केबल ओढली, की बाहेरचा छोटा दांडा वळतो, त्याला जोडलेला कॅम शूंना फाकवतो आणि शूंवर चिकटवलेला थर ड्रमला घासतो. या थराला लायनिंग म्हणतात. मराठीत ‘अस्तर’ हा शब्द त्याला चपखल बसतो, कारण कपड्याच्या अस्तराप्रमाणेच हेही आतल्या आत झिजते आणि बाहेरून दिसत नाही.

खरी अडचण हीच आहे. अस्तर झिजले, की दांडी अधिक दाबावी लागते. मग केबलच्या टोकाचा नट दोन फेरे आवळला, की ब्रेक पूर्ववत लागू लागतो आणि चालक निश्चिंत होतो. वास्तविक नट आवळल्याने झीज भरून निघत नाही, ती केवळ झाकली जाते. ब्रेक पूर्ण दाबला असता दांडा व केबल यांत साधारण काटकोन असावा. तेव्हा हाताचे बल सर्वाधिक उपयोगी पडते. अस्तर संपत आले, की दांडा या कोनापलीकडे जातो आणि तेवढ्याच जोराने दाबूनही शूंवर दाब कमी पडतो. पुष्कळ स्कूटरींच्या दांड्यावर बाणाची खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण ठरलेल्या रेषेशी पोचला, तर नटाला हात न लावता शू बदलावेत.

ताशी ४० किलोमीटर वेगाची स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते. चांगल्या ब्रेकने ती १२ मीटरांत थांबत असेल, तर ब्रेकचे बल निम्मे झाल्यावर तिला २४ मीटर लागतील. आणि चालकाचे मन सावध होईपर्यंत गेलेले अंतर निराळेच.

नट आवळण्याला स्थान आहे, पण मर्यादित. दांडीला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. ती अजिबात ठेवली नाही, तर शू सतत घासून ड्रम तापतो. आवळल्यावर चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ड्रम उघडल्यास आतली भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. कॅमच्या आसाला ग्रीस लावावे, मात्र अगदी थोडे. अस्तराला ग्रीस लागले, तर ते अस्तर टाकूनच द्यावे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत केबलचे धागे गंजतात. एक जरी धागा तुटलेला दिसला, तरी केबल बदलावी.

आता पाण्याकडे परत येऊ. ड्रममध्ये शिरलेले पाणी अस्तर आणि धातू यांच्यामध्ये पातळ थर धरते, त्यामुळे घर्षण घटते. अशा वेळी रहदारीपासून दूर, मंद गतीने जात ब्रेक हलकेच धरून ठेवावा. घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जाते. परंतु डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईतील असंख्य वाहने बुडून राहिली, तशी स्कूटर बुडाली असेल, तर हा उपाय पुरत नाही. पाणी सुकले तरी त्यातला गाळ ड्रममध्ये उरतो व अस्तर खरवडत राहतो. तेव्हा चाक काढावे, ड्रम उघडावा आणि आतले सर्व स्वच्छ पुसून मगच गाडी रस्त्यावर आणावी.