काडतुसाची लांबी : एका मापाचा अर्थ

डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्रांत शिकारी धनुष्यबाण घेऊन दिसतो. बंदुकीची परिभाषा बाहेरून आली. ‘काडतूस’ हा शब्दच मूळचा पोर्तुगीज असून, डहाणूचा किनाराही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. या परिभाषेतील आकडे मात्र कोशकाराला चकवतात.

‘१२ बोअर’ म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड. म्हणूनच १६ बोअरची नळी अधिक अरुंद असते. छऱ्यांचा क्रमांकही असाच उलटा चालतो. इंग्रजी पद्धतीत ६ क्रमांकाचे सुमारे २७० छर्रे एका औंसात मावतात, तर ४ क्रमांकाचे सुमारे १७०. लाव्यासारख्या लहान पक्ष्यासाठी बारीक छर्रे व बदकासाठी जाड, असा निवडीचा नियम असे.

लांबीचा अर्थ सर्वांत फसवा आहे. अडीच किंवा पावणेतीन इंच ही भरलेल्या काडतुसाची नव्हे, तर बार उडाल्यावर तोंडाची दुमड उलगडलेल्या नळकांड्याची लांबी होय. त्यामुळे पावणेतीन इंची काडतूस अडीच इंचीसाठी घडविलेल्या बंदुकीतही बसू शकते. परंतु बार होताना दुमड पुरती उलगडत नाही, दाब वाढतो व जुनी नळी फुटण्याचा संभव असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही बंद झाले. तथापि जुन्या बंदुका व त्यांचे शब्द उरले आहेत. म्हणून कोशात केवळ माप न देता ते कशाचे माप आहे, हेही नोंदविणे आवश्यक ठरते.