ऑस्ट्रेलियाचं न झालेलं राज्य आणि आपलं अवोन्डेल

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना ज्या ब्रिटिश कायद्यात आहे, त्या १९०० सालच्या कायद्याचं सहावं कलम एकदा वाचून पाहा. 'राज्यं' म्हणजे कोणकोण, हे त्यात सांगितलं आहे. पहिलं नाव न्यू साउथ वेल्स, आणि दुसरं चक्क न्यूझीलंड! क्वीन्सलंड, टास्मानिया, व्हिक्टोरिया ही मंडळी आपल्यानंतर येतात. सव्वाशे वर्षं झाली, पण ते नाव अजून तसंच आहे.

मग आपण सिडनीवाल्यांचे देशबांधव का झालो नाही? आणि झालो नाही म्हणून काय झालं? हा इतिहास फक्त शाळेच्या पुस्तकापुरता नाही. आपल्या गल्लीतला दिवा कोण लावणार आणि आपल्या वाचनालयाला पैसे कोण देणार, इथपर्यंत तो येऊन पोहोचतो.

सुट्टी आहे, पण प्रांत कुठे आहे?

१८४० साली वैतांगीचा करार झाला तेव्हा न्यूझीलंडचा कारभार सिडनीहून चालत होता. म्हणजे सुरुवातीला आपण न्यू साउथ वेल्सचाच एक भाग होतो. १८४१ मध्ये वेगळी वसाहत झाली आणि लवकरच गोऱ्या वसाहतवाल्यांनी 'आमचा कारभार आम्हाला करू द्या' असा धोशा लावला. १८५२ साली ब्रिटिश संसदेने घटना दिली. वरती एक संसद आणि खाली सहा प्रांत: ऑकलंड, न्यू प्लिमथ, वेलिंग्टन, नेल्सन, कँटरबरी आणि ओटागो. प्रत्येक प्रांताचं निवडून आलेलं मंडळ, निवडून आलेला प्रमुख. थोडक्यात, हा देश जवळजवळ संघराज्य म्हणूनच सुरू झाला.

पण स्वराज्य कोणाचं? मत मिळायचं ते मालमत्ता असलेल्या पुरुषांना. माओरींची जमीन सामाईक, कुळाची; त्यामुळे बहुतेक माओरी आपोआप बाहेर राहिले. माओरी प्रदेशांत त्यांच्याच रीतीने कारभार चालवता येईल, असं ७१वं कलम त्या घटनेत होतं. ते एकदाही वापरलं गेलं नाही. माओरींसाठी चार जागा आल्या १८६७ मध्ये, म्हणजे जमिनीसाठी युद्धं पेटल्यानंतर. स्त्रियांना मत मिळालं १८९३ मध्ये, आणि त्यात मात्र न्यूझीलंडने साऱ्या जगाला मागे टाकलं.

प्रांत फार टिकले नाहीत. काही श्रीमंत, काही कर्जात. साउथलंड तर ओटागोपासून फुटून निघाला आणि दिवाळं वाजल्यावर पुन्हा ओटागोत परतला. रेल्वे आणि रस्ते देशभर बांधायचे तर पैसा आणि निर्णय एका जागी हवेत, असं वेलिंग्टनच्या सरकारला वाटू लागलं. सर जॉर्ज ग्रे यांनी याला कडाडून विरोध केला. गव्हर्नर असताना त्यांनीच त्या घटनेला आकार दिला होता, वायकाटोवर सैन्यही त्यांनीच घातलं होतं, आणि आता ते ऑकलंड प्रांताचे प्रमुख होते. त्यांचं काही चाललं नाही. १ नोव्हेंबर १८७६ रोजी प्रांत बरखास्त झाले.

उरली ती सुट्टी. जानेवारीच्या शेवटी ऑकलंडला सुट्टी असते, पण वेलिंग्टनला आणि क्राइस्टचर्चला ती वेगळ्याच दिवशी असते. तुमच्या मुलांनी याचं कारण विचारलं, तर सांगा: ही त्या जुन्या प्रांतांची आठवण आहे.

बाराशे मैलांचं पाणी

१८९० मध्ये मेलबर्नला साऱ्या वसाहतींची परिषद भरली. एकत्र यायचं का, हा प्रश्न होता. न्यूझीलंडतर्फे कॅप्टन रसेल आणि सर जॉन हॉल गेले. मधे बाराशे मैल समुद्र आहे, म्हणजे न येण्याची बाराशे कारणं आहेत, असं हॉल यांनी तिथे सांगितलं. पुढच्या वर्षी सिडनीच्या अधिवेशनाला आपले तीन प्रतिनिधी होते. त्यांत पुन्हा सर जॉर्ज ग्रे! पण १ जानेवारी १९०१ ला ऑस्ट्रेलियाचं संघराज्य जन्माला आलं, ते आपल्याशिवाय. त्याच वर्षी न्यूझीलंडने नेमलेल्या आयोगाने सामील होण्याच्या विरोधात अहवाल दिला. इतक्या लांबून आपला कारभार नीट चालणार नाही, आपलं कोणी ऐकणार नाही, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

ऑस्ट्रेलियाने १९०२ च्या मतदान कायद्यात आशियाई लोकांना मताधिकारातून वगळलं. आपण त्यांच्यात गेलो नाही म्हणून इथे सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं मात्र नाही. १९२० मध्ये न्यूझीलंडनेही कायदा करून प्रवेश परवान्यावर आणला आणि ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीयांना दार जवळजवळ बंद केलं. घरचा कारभार घरच्यांच्या हाती आला म्हणजे तो आपोआप न्यायाचा होतोच असं नाही. म्हणूनच त्या घरात आपला आवाज असणं महत्त्वाचं.

आधी कोण?

आता एक कोडं. पूर्णपणे स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार आधी कोणाला मिळाला, भारताला की न्यूझीलंडला? न्यूझीलंड १९०७ मध्ये डोमिनियन झालं. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने सगळ्या डोमिनियनना पूर्ण अधिकार देऊ केला, पण आपल्या संसदेने तो स्वीकारला २५ नोव्हेंबर १९४७ रोजी. म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावर तीन महिन्यांनी! फरक एवढाच की इथल्यांना तो मागावाही लागला नाही. तिकडे त्यासाठी पिढ्या तुरुंगात गेल्या.

संघराज्याचा प्रश्न भारतातही होताच. १९३५ च्या कायद्यात ब्रिटिशांनी अखिल भारतीय संघराज्याची योजना मांडली, पण संस्थानिक आलेच नाहीत आणि ती कागदावरच राहिली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केलं की भारताचा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणा राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. पण संघाच्या आत कोणाचं राज्य कुठवर, हा वाद चालूच राहिला. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळ्या खाऊन पडली, तेव्हा १ मे १९६० उगवला. गोव्याने १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल आणि दोन पानं यांतून दोन पानं निवडली आणि शेजारच्या मोठ्या महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. त्या निकालाची सल काही मराठी घरांत अजून असेल. पण न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला जे सांगितलं, तेच गोव्याने आपल्याला सांगितलं.

फाऊपासून लोकल बोर्डापर्यंत

हीच गोष्ट अवोन्डेलमध्ये लहान आकारात घडली. या गावाचं आधीचं नाव फाऊ. अगदी हलक्या लाकडाच्या स्थानिक झाडावरून ते आलं. १८६८ मध्ये इथे फाऊचं रस्ते मंडळ झालं. १८८२ मध्ये गावाचं नाव अवोन्डेल झालं. १९२२ मध्ये स्वतःची नगरपालिका आली आणि पाचच वर्षांत, १९२७ मध्ये, ती ऑकलंड शहरात विलीन झाली. मग १ नोव्हेंबर २०१० ला (पुन्हा तीच तारीख!) सात नगर परिषदा आणि प्रादेशिक परिषद मिळून एकच ऑकलंड कौन्सिल झालं. एवढ्या मोठ्या शहरात खालचा आवाज हरवू नये म्हणून २१ लोकल बोर्डं नेमली. आपलं फाऊ लोकल बोर्ड त्यांतलंच. जुनं नाव असं परत आलं.

'लोकल बोर्ड' हा शब्द आपल्या आजी-आजोबांना नवा नाही. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा, म्हणजे फाऊचं अवोन्डेल झालं त्याच वर्षीचा. त्यातून मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं झाली, आणि 'लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो' असं सांगणारी माणसं आपल्या घराघरांत होती.

आज आपल्या बागा, वाचनालय, सभागृहं, गावातले कार्यक्रम यांबद्दलचे बरेच निर्णय फाऊ लोकल बोर्डाच्या सात सदस्यांकडे आहेत. ते दर तीन वर्षांनी निवडले जातात, आणि निम्म्याहून बरेच जास्त मतदार मतपत्रिकाच परत पाठवत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आपल्यातल्या अनेकांना ती माहीत नसते. न्यूझीलंडमध्ये मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. १९७५ पासून इथे कायम राहण्याची परवानगी असलेल्यांनाही मताधिकार आहे. वय १८ पूर्ण हवं, रेसिडेंट व्हिसा हवा आणि कधीतरी सलग एक वर्ष इथे राहिलेलं हवं. भारतीय पासपोर्ट न सोडता तुम्ही संसदेसाठी आणि लोकल बोर्डासाठी मत देऊ शकता. जगात फार थोडे देश एवढं देतात.

तेव्हा पहिल्या पिढीच्या वाचकांनो, नाव नोंदवलं नसेल तर या दिवाळीत नोंदवा. आणि इथे वाढलेल्या मुलांनो, आई-बाबांच्या नावाने आलेलं मतपत्रिकेचं पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात जात नाही ना, यावर लक्ष ठेवा. उमेदवारांची माहिती त्यांच्यासोबत बसून वाचा. बाराशे मैलांवरून आपला कारभार नको, असं या देशाने १९०१ मध्ये ठरवलं. आपला कारभार तर दोन मैलांवर चालतो.