जळगाव–धुळे सायकलवर, पण परत कसं यायचं?

पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठलं की साधारण ९० किलोमीटर होतात. जाणं सोपं असतं, घोळ परतीचा होतो. धुळ्याहून जळगावला थेट रेल्वे नाही. धुळ्याचा फाटा चाळीसगावला मुख्य मार्गाला मिळतो. म्हणजे तिथे गाडी बदला, सायकल पुन्हा चढवा. शिवाय ती आधी सामान म्हणून नोंदवायची. एवढा उपद्व्याप कोण करणार!

त्यापेक्षा एसटी बरी. गर्दीची वेळ टाळा आणि कंडक्टरभाऊंना आधीच विचारा. पुढचं चाक काढून, गिअरची बाजू वर ठेवून सायकल डिकीत आडवी करा. सोबत जुनी चादर हवीच. सामानाचं तिकीट मागून घ्या.

पाय शाबूत असतील तर अमळनेरपर्यंत सायकल हाणा. तिथून सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी जळगावला आणते.

माझं मत विचाराल, तर सगळं उलटं करा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत! सकाळच्या एसटीने सायकलसह धुळ्याला जा आणि वारा पाठीवर घेत घरी या. कुणी टेम्पोने सायकली नेल्या असतील, तर भाडं किती पडलं ते कमेंटमध्ये सांगा.