लस ‘फुकट’ नसते

आमच्या वसतिगृहात लसीकरणाच्या दिवशी आरोग्य सेविका निळा डबा घेऊन येतात आणि दहा व सोळा वर्षांच्या मुलामुलींना धनुर्वात व घटसर्प यांची लस टोचतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मुलाला भेटावयास आलेल्या एका पालकांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली नोट काढून त्यांच्यापुढे धरली. “नको भाऊ, ही सरकारी लस आहे,” असे त्या म्हणाल्या. पालकांनी हात जोडले. “सरकारची मेहरबानी, ताई,” एवढेच ते बोलले. रांग मोठी होती. आम्हीही गप्प राहिलो. परंतु इतिहास शिकविणाऱ्याला तो ‘मेहरबानी’ शब्द बोचत राहिला. त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दर वर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बालके आणि जवळजवळ तितक्याच गर्भवती माता येतात. लस व सुया मुख्यतः केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना पुरविते. पण कुपी विकत घेतली म्हणजे बाळाला लस मिळाली असे होत नाही. बहुतेक लसी कारखान्यातून निघाल्यापासून दंडात जाईपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवाव्या लागतात. मोठी भांडारे, जिल्ह्याचे भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्रातील फ्रीज आणि शेवटी बर्फाच्या पिशव्या घातलेला तो निळा डबा, अशी ही शीतसाखळी आहे. तिला वीज लागते, गाडी लागते, डिझेल लागते, यंत्र बिघडल्यास तंत्रज्ञ लागतो. सेविकेचा पगार वेगळा. घरोघर फिरून बाळांची यादी करणाऱ्या आशाताईंना एका बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाल्यावर १०० रुपये, असा मोबदल्याचा दर अनेक वर्षे राहिला. वर्षभराच्या पायपिटीचे हे मोल आम्हांस तरी लाजिरवाणे वाटते. यातील बराच खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो आणि त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के असतो.

ही तिजोरी भरते कोण? शेतमजूर आयकर भरत नसेल, पण साबणावर, चपलेवर, गाडीच्या डिझेलवर तो कर देतोच. त्या पालकांच्या खिशातील नोट पुढे येण्याआधीच लसीचे पैसे त्यांच्याकडून घेतले गेले होते.

आपल्या समाजाने तर याहून जुनी किंमत मोजलेली आहे. भारतात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस कुपीत नव्हती. एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालीत. हा द्रव पुष्कळदा गोरगरिबांच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या दंडातून घेतला जाई, आणि उच्चवर्णीय घरे विटाळाच्या भयाने तो नाकारीत. म्हणजे ज्यांच्या देहावर लस जिवंत राहिली, त्यांचाच स्पर्श वर्ज्य! पुढे १८८० चा लसीकरण कायदा झाला, पण त्याची सक्ती निवडक नगरपालिका व छावण्यांपुरतीच होती.

प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. शास्त्रज्ञाने लस शोधणे निराळे आणि ती वस्तीपर्यंत पोहोचणे निराळे.

बाबासाहेबांनी हा पैशाचा प्रश्न फार लवकर ओळखला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यात महसूल व खर्च कसे वाटले गेले, हाच त्याचा विषय. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेच्या विश्रांतीचा भार बऱ्याच अंशी सरकारनेच उचलावा, असे त्यांनी मांडले. संविधानात सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. मात्र राज्याराज्यांत पसरणाऱ्या सांसर्गिक रोगांना आळा घालणे समवर्ती सूचीत आहे. साथ जिल्ह्याची हद्द विचारत नाही, हे त्यामागचे साधे कारण. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य मानतो. तेथे ‘कर्तव्य’ असा शब्द आहे.

हे कर्तव्य कोणी व किती उचलायचे, याचा गोंधळ २०२१ मध्ये सर्वांनी पाहिला. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात कोविड लसीसाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद होती. तरीही १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाची जबाबदारी राज्यांवर व खाजगी रुग्णालयांवर टाकण्यात आली. पुण्यात तयार होणारी कोविशिल्डची एकच मात्रा केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० ला आणि खाजगी रुग्णालयांना ६०० ला, असे भाव ठरले. महाराष्ट्राने मोफत लसीकरणासाठी १२ कोटी मात्रांचा सुमारे ६,५०० कोटींचा अंदाज मांडला. पण पैसे असून कुप्या मिळेनात, आणि मे महिन्यात या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर मनमानी व तर्कविसंगत असा प्रथमदर्शनी ठपका ठेवला. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के लस स्वतः खरेदी करून राज्यांना मोफत देण्यास सुरुवात केली. खरेदीदार एक असेल तर भाव पडतो, अनेक झाले की विक्रेता भाव सांगतो. आठवडी बाजारात जाणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे.

पैसा आला तरी एक भगदाड उरतेच. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेऊन कुटुंब दिवाळीच्या सुमारास निघते ते उन्हाळ्यात परतते. बाळाचे नाव गावच्या उपकेंद्राच्या यादीत आणि बाळ दुसऱ्या जिल्ह्यातील फडाजवळच्या कोपीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमका तोच हुकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने बालके दगावली. दाट वस्तीत न टोचलेली मुले राहिली की काय होते, ते तेव्हा दिसले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. बाळ ज्या गावी असेल तेथील सत्रात लस मागता येते. तेथले रहिवासी असण्याची अट नाही. आणि डोस चुकला म्हणून सारे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेलेच द्यावयाचे असतात. गेल्या प्रवेशाच्या वेळी आम्ही दाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्डही मागितले. बरीच कार्डे अर्धी कोरी होती, काहींकडे नव्हतीच. नावांची यादी करून आरोग्य केंद्रात नेऊन दिली. महिन्याभरात सेविका निळा डबा घेऊन पुन्हा आल्या.